रश्श्यात कुणालाच न सापडलेलं तेल

मागच्या थंडीत आमच्या रस्सा मंडळात एक प्रकार झाला आणि तो अजून माझ्या डोक्यातनं जात नाही. तसं बघितलं तर काहीच झालं नाही, तेच तर बोचतंय. कोल्हापूरजवळच्या चिखलीच्या बाजूला एका दोस्ताचा मळा, उसाच्या बांधाला तीन दगडांची चूल, त्यावर पातेलं, आजूबाजूला बारा-पंधरा जण आणि रश्श्यातलं सगळ्यात जास्त आपल्यालाच कळतंय अशी प्रत्येकाची खात्री. मटण कुठल्या दुकानातनं, मीठ कधी, खोबरं किती भाजायचं, सगळ्यावर वाद. बापूकडं (हे नाव आपलं असंच, खरं घातलं तर पुढच्या रश्श्याला मला बोलवायचे नाहीत) त्या दिवशी तेल आणायचं काम होतं. त्याची अँजिओप्लास्टी होऊन वर्ष झालंय, म्हणून त्याला जड काम कुणी सांगत नाही. त्यानं घरनं स्टीलच्या किटलीत तेल ओतून आणलेलं. कांदा पडला, वाटण पडलं, चटणी पडली, तेल सुटलं, वर लालभडक कट आला, सगळ्यांनी वाट्याच्या वाट्या रिचवल्या, दोघांनी तर आजचा कट नाद खुळा झालाय म्हणून सर्टिफिकेटसुद्धा दिलं. हात धुवून झाल्यावर बापूनं जाहीर केलं, "मर्दांनो, आज तुम्ही ऑलिव्ह ऑइल खाल्लंय."

एक मिनिट कुणी काही बोललं नाही. मग कोपऱ्यातनं एकजण पोटावर हात फिरवत म्हणाला, "तरीच हलकं वाटाय लागलंय."

हसून हसून पुरेवाट झाली. पण घरी येताना गाडीवर मला काहीतरी खटकत राहिलं. ही सगळी अशी माणसं आहेत की मिसळीच्या हॉटेलात सरकी बदलून दुसरं तेल वापरलं तर पहिल्या घासाला ओळखतो म्हणतात, मीही त्यातलाच, आणि त्या पातेल्यात उलथनं मीच फिरवत होतो. तेल तापवताना वाकून बघितलं होतं. काही जाणवलं नाही. म्हणजे एकतर आम्हाला तेलातलं ओ की ठो कळत नाही, नाहीतर त्या तेलात जाणवण्यासारखं काही नव्हतंच. दुसरं खरं निघावं अशी माझी फार इच्छा होती.

आठवड्याभरात काहीतरी निमित्त काढून बापूच्या घरी गेलो. राजारामपुरीतलं त्याचं स्वयंपाकघर, ओट्याखाली पाच लिटरचा कॅन, त्यावर हिरव्यागार फांदीचं आणि टपोऱ्या ऑलिव्हांचं चित्र, मोठ्या अक्षरात ऑलिव्ह, आणि खाली बारक्या अक्षरात पोमेस. बापूला वाटत होतं पोमेस हे गावाचं नाव असेल. मग त्याला समजावताना मला आपल्या उसाचाच दाखला द्यावा लागला. गुऱ्हाळात घाण्यातनं पहिला रस निघतो, ते एक्स्ट्रा व्हर्जिन समज, आणि चुलवाणात जाळायला म्हणून जी चिपाडं बाजूला पडतात ती धुऊन-पिळून कुणी उरलासुरला गोडवा काढला तर ते पोमेस. ऑलिव्हचं तेल फळाच्या गरात असतं. फळं तोडायची, होता होईल तेवढ्या लवकर बियांसकट भरडायची, तो लगदा संथपणे मळत ठेवायचा म्हणजे तेलाचे बारके थेंब एकमेकांना मिळतात, मग गरागरा फिरवून तेल, पाणी आणि चोथा वेगळा करायचा. लगदा २७ अंशांच्या वर तापू दिला नाही तरच युरोपात त्याला कोल्ड एक्स्ट्रॅक्शन म्हणू देतात. असं निघालेलं तेल मोकळ्या आम्लतेत (तेल फुटून सुटलेली आम्लं) ०.८ टक्क्याच्या आत बसलं आणि चव घेणाऱ्या पॅनेलला त्यात एकही दोष सापडला नाही तर ते एक्स्ट्रा व्हर्जिन. दोष फारच असला तर ते रिफायनरीत जातं, तिथं त्याचा वास-रंग-चव सगळं काढतात, वर थोडं चांगलं तेल मिसळतात आणि 'प्युअर' नाहीतर 'क्लासिक' असं काहीतरी भारदस्त नाव देऊन बाटलीत भरतात. चोथ्यात उरलेलं तेल मात्र द्रावक (तेल विरघळवणारं रसायन) वापरून ओढून काढावं लागतं, ते रिफाइन करून त्यात जरासं व्हर्जिन, म्हणजे रिफाइन न केलेलं तेल, टाकलं की झालं पोमेस. खायला ते वाईट नाही, घाबरायचं कारण नाही, आपल्याकडचं रिफाइंड सोयाबीनही असंच द्रावकानं काढतात. फक्त त्याला ना वास ना चव. म्हणजे आमच्या रस्सा मंडळाची अब्रू वाचली. त्या किटलीत ओळखण्यासारखं काही नव्हतंच.

बापूनं त्यातलं अर्धा लिटर मला बाटलीत भरून दिलं, ते घरी आणलं. आईनं बाटली उघडली, तळहातावर दोन थेंब घेतले, दुसऱ्या हातानं चोळले आणि नाकाला लावले. लहानपणापासनं मी तिला हे करताना बघत आलोय. लक्ष्मीपुरीत वर्षाच्या चटणीसाठी खोबरं घ्यायला गेलं की ती वाट्यांच्या ढिगातली एकेक वाटी हुंगून बाजूला काढायची, दुकानदार वैतागायचा, मी लाजेनं दुसरीकडं बघत उभा राहायचो. शेंगतेलाचंही तेच. घाण्यावर आम्ही आमचा डबा घेऊन जायचो, तिथं गेटपासनंच तो गरम, गोडसर, भाजल्यागत वास यायचा, पेंडीची पोती एका बाजूला रचलेली, तेलानं काळी पडलेली लाकडी घाणी कुरकुरत फिरायची, आणि आई आधी हातावर तेल घेणार, हुंगणार, मगच डबा पुढं करणार. तर ह्या पोमेसवर तिचं म्हणणं आलं, "वासच न्हाई की रं ह्याला. मग बाद झालं तर कळायचं कसं?"

ह्याच्यावर मी काय बोलणार. तिनंच पुढं विचारलं, "आणि हे तर बाळाच्या अंगाला लावायचं तेल न्हवं?" बरोबरच आहे. आमच्या घरात ऑलिव्ह ऑइल पहिल्यांदा आलं ते माझी पोरगी झाली तेव्हा, छोटा पत्र्याचा डबा, बाळंतिणीच्या खोलीत, शेक-शेगडीच्या धुरात. त्याची भाजी करतात असं कुणी सांगितलं असतं तर आईनं त्या माणसाला घरात घेतलं नसतं.

मग मला नादच लागला. मॉलमधल्या तेलाच्या फळीपुढं उभं राहून मी बाटल्या वाचायला लागलो, बायको ट्रॉली घेऊन पुढं जायची आणि दोन गल्ल्या फिरून परत यायची तरी मी तिथंच. एक लक्षात आलं, की पुढच्या लेबलवर बहुतेक सगळी जाहिरात असते, कामाचं सगळं पाठीमागं. पुढं 'कोलेस्टेरॉल फ्री' लिहिलेलं असतं. अहो, कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल नसतं, आपल्या घाण्यावरच्या शेंगतेलातही नसतं, फक्त घाणेवाला बिचारा डब्यावर लिहीत नाही. 'एक्स्ट्रा लाइट' म्हणजे कॅलरी कमी असं वाटून लोक घेतात, तर ते चवीला आणि रंगाला लाइट असतं, कॅलरी कुठल्याही तेलात ग्रॅमला ९, त्यात कुणाची सुटका नाही. इटलीत पॅक केलेलं असलं म्हणून आतलं तेल इटलीचंच असं नाही, स्पेन, ग्रीस, ट्युनिशियाचंही असतं, आणि त्यात वाईट काही नाही, जगात सगळ्यात जास्त तेल स्पेनमध्येच होतं. हिरव्या रंगालाही भुलू नये. तेल चाखणारे तज्ज्ञ मुद्दाम निळ्या काचेच्या पेल्यात चाखतात, रंग दिसूच नये म्हणून, आणि पेला जरा कोमट करतात, तळव्यानं झाकतात, मग हुंगतात. हे वाचल्यावर मला तळहातावर तेल चोळणारी आमची आई दिसली.

बघायचं ते एवढंच, की बाटली गडद काचेची नाहीतर पत्र्याचा डबा आहे का आणि तारीख काय आहे. ही फळं ऑक्टोबर ते जानेवारीच्या आसपास तोडतात, काही चांगल्या बाटल्यांवर तोडणीचा महिना दिलेला असतो, नसला तर निदान मुदत संपायला भरपूर वेळ असलेली बाटली घ्यायची. दारूसारखं हे मुरून चांगलं होत नाही. उजेड, उष्णता आणि हवा, तीन शत्रू. आणि आपल्याकडं ते ठेवतात कुठं, तर दुकानात ट्यूबलाइटखाली सगळ्यात वरच्या फळीवर आणि घरात गॅसच्या शेजारी! मी फळीत हात घालून मागची बाटली काढतो. तिथला पोरगा माझ्याकडं संशयानं बघतो. बघू दे.

शेवटी एक छोटी बाटली घेतली, पाव लिटरची. लिटरच्या हिशेबानं हजाराच्या बरीच पुढं जाते, घाण्याच्या तेलाच्या तिप्पट-चौपट, आणि २०२२-२३ ला स्पेनमध्ये दुष्काळानं उत्पादन निम्म्याहून खाली आलं तेव्हा भाव असे चढले की विचारायची सोय नव्हती. घरी आलो, बूच काढलं आणि वास आला तो नुकत्याच कापलेल्या गवताचा, त्याच्या मागं कच्च्या टोमॅटोच्या पानांचा. म्हटलं, हां, हे तेल आहे. चमचाभर तसंच तोंडात घेतलं. आधी गुळगुळीत, मग जिभेच्या कडेला कडवट, गिळलं तर काहीच नाही, आणि एका क्षणानं घशाच्या पार मागं असं काही चावलं की खोकतच ओट्याला टेकलो. मिरचीनं ओठ जळतात, जीभ जळते, कान गरम होतात, ती आपली घरची आग आहे, तिची सवय आहे. हे वेगळंच, फक्त घशात. आतनं आईचा आवाज आला, "बाद निघालं काय?"

बाद नव्हतं. उलट हा ठसकाच चांगल्या, ताज्या तेलाची खूण असते. फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधला एक संशोधक सिसिलीत ताजं तेल चाखत होता, त्याला घशात तीच टोचणी जाणवली जी त्याला पातळ आयबुप्रोफेन (दुखण्यावरचं औषध) चाखताना जाणवायची. त्यावरनं त्या लोकांनी तेलातलं ते द्रव्य शोधलं, ओलिओकँथल नाव ठेवलं, २००५ साली 'नेचर'मध्ये छापलं. ते खरंच आयबुप्रोफेनच्या वाटेनंच काम करतं असं निघालं. मात्र रोज ५० ग्रॅम तेल प्यालं तरी मोठ्या माणसाच्या डोसाच्या दहाव्या हिश्श्याएवढाच असर, तेव्हा अंगदुखीला कुणी बाटली तोंडाला लावू नये. आईला मी हे सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग माझ्या गुडघ्याला लाव की."

लावलं. काय करणार.

आता स्वयंपाकाचं. 'एक्स्ट्रा व्हर्जिन तापवायचं नसतं, विष होतं' हे मला किमान चार जणांनी छातीठोकपणे सांगितलंय. तसं काही नाही. साधारण १९० ते २१० अंशांपर्यंत ते धूर सोडत नाही, आपली तळणी १७०-१८० ला चालते, आणि स्पेनमधले लोक त्यातच अंडी आणि बटाटे तळून खातात. तापवल्यानं जातो तो त्याचा वास, ज्याचे आपण पैसे मोजले. पोह्यांना त्याची फोडणी दिली तर मोहरी-कढीपत्ता एकीकडं ओढतात आणि तो गवताचा वास दुसरीकडं, पोरीनं दोन घास खाऊन ताटली सरकवली. भडंगाला तर नाहीच, त्याला शेंगतेलच पाहिजे. तांबड्याला घालणं म्हणजे शुद्ध वेडेपणा, आमच्या चटणीपुढं कुठलं गवत आणि कुठली टोमॅटोची पानं, लसूण आणि मिरची मिळून सगळ्याला आडवं करतात.

पण एक दिवस रात्री वांगी भाजली होती, गॅसवरच, साल करपून कडक होईपर्यंत. त्यात कच्चा कांदा, मीठ, एक हिरवी मिरची, आणि शेंगतेलाऐवजी वरनं हे तेल सोडलं. धुराचा वास आणि तो कडवटपणा एकमेकांना असे धरून बसले की जणू वर्षांची ओळख. (आहेच म्हणा, भूमध्य समुद्राच्या काठावर वांगं भाजून त्यावर हेच तेल ओततात.) मग धीर आला आणि खर्डा केला. मिरच्या तव्यावर डाग पडेपर्यंत भाजायच्या, लसणाच्या भरपूर पाकळ्या, खडं मीठ, आणि तव्यातच पेल्याच्या बुडानं रगडायचं. फार बारीक नाही, मिरचीची साल दाताखाली आली पाहिजे. आई म्हणाली, "तू रगड, मी भाकरी टाकतो." खर्ड्यात बोटानं खळगा करून त्यात तेल ओतलं, गरम भाकरीचा पापुद्रा काढून त्यात बुडवला. जिभेवर मिरची आणि घशात ते ओलिओकँथल, दोन्हीकडनं हल्ला. डोळ्यात पाणी, नाकात पाणी, तरी हात थांबेना. कच्चं तेल वर ओतून खायची रीत आपल्याकडं पहिल्यापासनं आहे, चटणीवर, पिठल्यावर, खर्ड्यावर. ह्या तेलाला आपल्या ताटात जागा आहे ती नेमकी तिथं, कढईत नाही. असं माझं मत झालंय आणि ते आता बदलेल असं वाटत नाही.

आणि तब्येतीचं काय? बापूला डॉक्टरांनी तेल बदला म्हणून सांगितलं होतं, त्यानं घरी येईपर्यंत त्याचं 'हे तेल खा' असं केलं आणि चांगलं आहे म्हणून पूर्वीपेक्षा जास्तच खायला लागला. स्पेनमध्ये ७,४०० च्या वर माणसांवर प्रेडिमेड नावाचा मोठा अभ्यास झालाय. २०१३ साली तो छापून आला, पुढं माणसं गटांत वाटताना काही ठिकाणी घोळ झालेला निघाला म्हणून लेखकांनी २०१८ ला तो मागं घेतला, आकडेमोड परत केली आणि पुन्हा छापला. निष्कर्ष साधारण तोच राहिला, की भूमध्य समुद्राकडचं जेवण आणि त्याबरोबर भरपूर एक्स्ट्रा व्हर्जिन घेणाऱ्यांना हृदयविकार आणि स्ट्रोक कमी. पण त्या जेवणात कडधान्यं, भाज्या, मासे होते आणि मटण कमी. रस्सा मंडळ नव्हतं. शेंगतेलातही निम्म्याच्या आसपास तेच ओलेइक नावाचं स्निग्ध आम्ल असतं जे ऑलिव्हमध्ये ५५ ते ८३ टक्के असतं, म्हणजे आपलं घरचं तेल काही अगदीच टाकाऊ नाही. बापूला मी म्हटलं, गड्या, कट अर्धा कर, मग तेल कुठलं का असेना. तो म्हणाला, कट अर्धा करायचा तर मग जगायचं कशाला. ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही, कारण वाटीतला कट मीही कधी मागं ठेवलेला नाही.

उलट त्याचं डोकं भलतीकडंच चालायला लागलंय. राजस्थानात २००८ च्या सुमाराला इस्रायलहून रोपं आणून ऑलिव्ह लावलेत, बिकानेरकडं लुणकरणसरला तेल काढायचा कारखानाही झाला, हे मी बोलता बोलता सांगितलं, तर म्हणतोय आपण मळ्यात दोन एकर लावू, ऊस काय कुणीही लावतंय. त्या झाडाला फुलायला आधी चांगली थंडी लागते आणि पाऊस कमी लागतो, आपल्याकडं उलट गगनबावड्याचा पाऊस दारात, हे त्याला पटत नाही.

मला त्याचं हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं. छातीत धडकी भरलेल्या माणसाला काहीतरी विकत घेऊन सुटायचं असतं, आणि पाच लिटरचा कॅन हे त्यातल्या त्यात सोपं. माझंही काही फार वेगळं नाही. चाळिशीनंतर लिपिड प्रोफाइलचा कागद हातात घेऊन मी त्या फळीपुढं उभा होतो, हे पूर्वी कुणी दाखवलं असतं तर विश्वास बसला नसता. पाहुणे आले की ती गडद हिरवी बाटली ओट्यावर मुद्दाम पुढं असते, बायको ठेवते का मी, ह्याची चौकशी आम्ही दोघंही करत नाही. शेंगतेलाचा डबा खाली, कडप्प्याच्या मागं. ताटात मात्र रोज तोच येतो.

आता उन्हाळा आला, चटणीचे दिवस. डंकावर नंबर लावायचा, ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची उन्हात टाकायची, कांदा चिरून वाळवायचा, मसाले एकेक करून तेलात तळायचे. आईनं आत्ताच बजावून ठेवलंय, "तुझं ते गवताचं तेल ह्यात घालायचं नाव काढू नको. वर्षभर टिकाय पाहिजे चटणी, खवट झाली म्हणजे?" खरं सांगायचं तर ऑलिव्ह ऑइल शेंगतेलापेक्षा उशिरा खवट होतं, त्यातली आम्लंच तशी आहेत, मी वाचलंय, आकडे तोंडपाठ आहेत. पण हे आईला सांगायची माझी टाप नाही.